प्रश्नोत्तरे : पॉज चालू आहे, तरी पॅकेट का गळतात?

या वेळी निवडलेले प्रश्न एकाच विषयाचे आहेत : डेटा सेंटरच्या स्विचवरून स्टोरेजची किंवा जीपीयूंची वाहतूक एकही पॅकेट न गळता कशी न्यायची. नव्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. साध्या इथरनेटमध्ये बफर भरला की स्विच पॅकेट टाकून देतो, टीसीपी ते पुन्हा पाठवते आणि काम चालू राहते. आरडीएमएमध्ये मात्र एका सर्व्हरचे कार्ड दुसऱ्याच्या मेमरीत थेट लिहिते, प्रोसेसर मध्ये येत नाही. ही वाहतूक इथरनेटवरून नेणाऱ्या आरओसीईला सगळे ‘रॉकी’ म्हणतात. तिच्यात एक पॅकेट गळले तर बहुतेक कार्डे त्या पॅकेटपासून पुढचे सगळे पुन्हा पाठवतात, म्हणून गळती फार महाग पडते. ती टाळण्यासाठी पीएफसी, म्हणजे प्रायॉरिटी फ्लो कंट्रोल, वापरतात. बफर भरत आला की स्विच मागच्या उपकरणाला फक्त एका प्रायॉरिटीपुरते (वाहतुकीच्या ० ते ७ अशा आठ वर्गांपैकी एकापुरते) ‘थांब’, म्हणजेच पॉज, सांगतो. आयट्रिपलईचे ८०२.१क्यूबीबी हे मानक त्यासाठीच आहे. आज्ञा आणि काउंटरांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत.

प्रश्न (ऐरोली) : आमच्याकडे १०० जीचे (सेकंदाला १०० गिगाबिट) ३२ पोर्टांचे स्विच आणि रॉकी व्ही-टू वापरणारे स्टोरेज नोड आहेत. स्विचवर प्रायॉरिटी ३ साठी पीएफसी चालू केले आहे. तरी भार वाढला की सर्व्हरवर ‘पॅकेट_सेक_एरर’ हा पॅकेटांचा क्रम चुकल्याचा काउंटर वाढतो. स्विचवर पॉजचे आकडे मात्र शून्य दिसतात. बफर कमी पडतोय का?

उत्तर : बफरला अजून हात लावू नका. गळती होते आहे आणि पॉज शून्य आहे, हे एकत्र दिसले की पहिला संशय मार्किंगवर घ्यावा. तुमची पॅकेट बहुधा प्रायॉरिटी ३ च्या रांगेत जातच नाहीत. ती प्रायॉरिटी शून्यच्या साध्या रांगेत उभी राहतात, तिथे पॉज लागू नाही, आणि रांग भरली की गळतात. प्रायॉरिटी ३ ची रांग रिकामी आहे, म्हणून पॉज मागायचे कारणच येत नाही.

एका पॅकेटचा माग धरून सर्व्हरपासून पुढे चला. आयपी हेडरमधल्या टीओएस बाइटचे वरचे सहा बिट डीएससीपीचे (वाहतुकीचा वर्ग सांगणारा आकडा) आणि खालचे दोन ईसीएनचे (गर्दीची खूण). रॉकीसाठी डीएससीपी २६ घ्यायचा प्रघात आहे. २६ गुणिले ४ म्हणजे १०४, आणि ‘मला गर्दीची खूण चालते’ असे सांगणारा ईसीएनचा बिट धरून १०६. हा १०६ चा आकडा तीन वेगळ्या ठिकाणी द्यावा लागू शकतो, आणि गफलत बहुतेक इथेच होते. आरडीएमए-सीएम या जोडणी करून देणाऱ्या लायब्ररीमार्फत होणाऱ्या जोडण्यांसाठी ‘सीएमए_रॉकी_टॉस’ वापरतात : उपकरण एमएलएक्स५_०, मूल्य १०६. थेट व्हर्ब्ज (आरडीएमएच्या मूळ आज्ञा) वापरणाऱ्या प्रोग्रॅमला ते मूल्य लागू होत नाही. त्यांच्यासाठी सिसएफएसमध्ये त्याच उपकरणाच्या ‘टीसी/१/ट्रॅफिक_क्लास’ फाइलमध्ये १०६ लिहावे लागते. एनसीसीएल (जीपीयूंच्या आपसातल्या संवादाची लायब्ररी) वापरत असाल तर ‘एनसीसीएल_आयबी_टीसी’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १०६ करा. काही न दिल्यास ते शून्य धरले जाते. म्हणून चाचणीचे टूल प्रायॉरिटी ३ मधून धावते आणि खरे काम प्रायॉरिटी शून्यमधून, हे सर्रास घडते.

मग कार्ड. मेलॅनॉक्स कार्डांच्या ‘एमएलएनएक्स_क्यूओएस’ या टूलमध्ये ट्रस्ट (प्रायॉरिटी कशावरून ठरवायची) ‘डीएससीपी’ हवा आणि पीएफसीची ओळ ०,०,०,१,०,०,०,० अशी हवी. ट्रस्ट ‘पीसीपी’ राहिला तर कार्ड व्हीलॅन टॅगमधली प्रायॉरिटी बघते. टॅग नसेल तर सगळेच पॅकेट शून्यात. आणखी एक : या आज्ञा सर्व्हर रीबूट झाला की पुसल्या जातात. त्या सिस्टिमडी सर्व्हिसमध्ये घालून ठेवा, नाहीतर कधीतरी एकच नोड रात्री रीबूट होईल आणि सकाळी फक्त त्याचीच तक्रार येईल.

आता स्विच. सिस्कोच्या नेक्सस ९००० मालिकेचे उदाहरण घेऊ. इतर स्विचवर शब्द बदलतात, क्रम तोच राहतो. आधी ‘क्यूओएस’ प्रकारच्या क्लास-मॅपमध्ये डीएससीपी २६ जुळवा आणि पॉलिसीत त्याला क्यूओएस-ग्रुप ३ द्या. मग ‘नेटवर्क-क्यूओएस’ प्रकारच्या पॉलिसीत त्या गटाला ‘पॉज पीएफसी-कॉस ३’ आणि एमटीयू (सर्वात मोठ्या पॅकेटचा आकार) ९२१६ द्या. पॅकेट न गाळणारा वर्ग याच ओळीने तयार होतो. ‘क्यूइंग’ पॉलिसीत तिसऱ्या रांगेला बँडविड्थचा वाटा आणि ईसीएन द्या. नेटवर्क-क्यूओएस आणि क्यूइंग या दोन्ही ‘सिस्टिम क्यूओएस’खाली लावायच्या. वर्गीकरणाची पहिली पॉलिसी मात्र प्रत्येक पोर्टवर ‘इनपुट’ दिशेने, आणि तिथेच ‘प्रायॉरिटी-फ्लो-कंट्रोल मोड ऑन’. पोर्टचा मोड ‘ऑटो’ ठेवला तर स्विच डीसीबीएक्सवर (दोन उपकरणांनी ही सेटिंग आपसात ठरवण्याच्या प्रोटोकॉलवर) समोरच्याचे म्हणणे ऐकायला थांबतो. सर्व्हर डीसीबीएक्स बोलत नसेल तर पीएफसी बंदच राहते, आणि कॉन्फिगरेशन वाचताना मात्र सगळे ठीक वाटते.

म्हणून कॉन्फिगरेशन वाचून समाधान मानू नका, चालू अवस्था बघा. ‘शो इंटरफेस प्रायॉरिटी-फ्लो-कंट्रोल’ दिल्यावर पोर्टसमोर ‘ऑन (८)’ दिसले पाहिजे. हा ८ प्रायॉरिटींची संख्या सांगत नाही. आठ प्रायॉरिटींचे आठ बिट, त्यातला तिसऱ्याचा बिट लावला, म्हणजे २ चा घात ३. सर्व्हरवर प्रायॉरिटी ४ आणि स्विचवर ३ असा घोळ असेल तर तो इथे पकडता येतो.

शेवटी तपासणी. सर्व्हरवर ‘आयबी_राइट_बीडब्ल्यू’ हे टूल ‘टीक्लास १०६’ देऊन चालवा आणि समोरच्या सर्व्हरवर ‘इथटूल -एस’मधले ‘आरएक्स_प्रायो०_बाइट्स’ आणि ‘आरएक्स_प्रायो३_बाइट्स’ दहा-दहा सेकंदांनी बघा. प्रायो३ धावला आणि प्रायो० जागेवर राहिला तर मार्किंग शेवटपर्यंत पोचले. उलटे दिसले तर स्विचमागून स्विच मागे येत पॅकेट कुठे शून्यात पडले ते शोधा. बऱ्याचदा एखाद्या स्पाइनचे (लीफ स्विचना जोडणाऱ्या मधल्या स्विचचे) नवे लाइन कार्ड किंवा नंतर जोडलेला पोर्ट निघतो, ज्यावर इनपुट पॉलिसी लावायची राहून गेली. सर्व्हरवर साधे टीसीपीडंप चालवून हे शोधायला जाऊ नका. आरडीएमएची पॅकेट कर्नलमधून जात नसल्याने ती बहुतेक वेळा त्यात दिसत नाहीत. स्विचवर पोर्ट मिरर करा आणि यूडीपी पोर्ट ४७९१ ची पॅकेट पकडून टीओएस बाइट डोळ्यांनी बघा. सोळाच्या पायात तो ६ए दिसायला हवा.

प्रश्न (हिंजवडी, पुणे) : हेडरूम किती ठेवायची, याचे सूत्र मिळेल का? आमच्या दोन हॉलमधली फायबर सुमारे ३०० मीटर आहे, आणि रॅकमध्ये ३ मीटरच्या कॉपर केबल. सगळ्या आठ प्रायॉरिटी नो-ड्रॉप (पॅकेट न गाळणाऱ्या) केल्या तर जास्त सुरक्षित नाही का?

उत्तर : हेडरूम म्हणजे ‘थांब’ सांगितल्यानंतरही जे येतच राहते ते मावण्यापुरती राखून ठेवलेली जागा. येत काय राहते ते मोजले की सूत्र आपोआप हाती येते.

‘थांब’ म्हणायचे ठरले त्या क्षणी आपल्या बाजूने एखादी मोठी फ्रेम आधीच निघालेली असू शकते. ती संपेपर्यंत पॉज फ्रेमला वाट बघावी लागते, आणि तेवढ्या वेळात समोरून तेवढेच येते : ९,२१६ बाइट. मग पॉज फ्रेम स्वतः, ६४ बाइटची, आगेमागे धरून ८४. ती केबलमधून जायला प्रत्येक मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद घेते, आणि समोरून निघालेले शेवटचे बाइट आपल्यापर्यंत यायला पुन्हा तेवढेच. समोरच्याने पॉज वाचून अंमल करायला लागणारा वेळ वेगळा. १०० जीवर मानकाने त्यासाठी जास्तीत जास्त ३९४ क्वांटा दिले आहेत. एक क्वांटा म्हणजे ५१२ बिट जायला लागणारा वेळ, म्हणजे एकूण २५,२१६ बाइट. आणि त्याची नुकतीच सुरू झालेली फ्रेम मध्ये तोडता येत नाही : आणखी ९,२१६.

१०० जीवर एका नॅनोसेकंदात साडेबारा बाइट येतात. ३०० मीटरला जाऊन-येऊन ३,००० नॅनोसेकंद, म्हणजे ३७,५०० बाइट. सगळे मिळून ८१,२३२. तीन मीटरच्या केबलला ३० नॅनोसेकंद, म्हणजे फक्त ३७५ बाइट, आणि बेरीज ४४,१०७. लहान केबलमध्ये लांबीला जवळजवळ किंमत नाही. खर्च दोन मोठ्या फ्रेमचा आणि प्रतिक्रियेच्या वेळेचा आहे. एमटीयू गरजेपुरताच ठेवा असे म्हणतात, त्यामागचे एक कारण हेच. स्विच बफर ठरावीक आकाराच्या कप्प्यांत वाटतो आणि अर्धा भरलेला कप्पाही पूर्ण धरला जातो, म्हणून या बेरजेवर थोडी भर घाला. लहान पॅकेट जास्त असतील तर जास्त घाला.

सोनिक ही स्विचची ओपन सोर्स कार्यप्रणाली वापरत असाल तर कॉन्फिगरेशनमध्ये प्रत्येक पोर्टच्या केबलची लांबी लिहावी लागते, आणि हेडरूम त्यावरून ठरते. ३०० मीटरच्या दुव्यावर ‘५ मीटर’ राहून गेले तर गळती होते ती नेमकी पॉज गेल्यानंतर. पॉजचे काउंटर धावत आहेत आणि नो-ड्रॉप रांगेतही ड्रॉप आहेत, असे चित्र दिसले तर लांबी तपासा. पहिल्या प्रश्नातल्या चित्राच्या हे अगदी उलट आहे, ते लक्षात ठेवण्याजोगे. सर्व्हरच्या कार्डालाही स्वतःची हेडरूम असते. ‘एमएलएनएक्स_क्यूओएस’मध्ये केबलची लांबी ७ मीटर धरलेली असते, सर्व्हर दूरच्या स्विचला थेट जोडला असेल तर ती बदलावी लागेल.

आठही प्रायॉरिटी नो-ड्रॉप करू नका. १०० मीटरचा हिशेब धरला तर एका पोर्टच्या एका प्रायॉरिटीला ५६,२३२ बाइट. ३२ पोर्टांना मिळून सुमारे १.८ मेगाबाइट. दोन प्रायॉरिटींना ३.६. आठींना १४.४ मेगाबाइट. ब्रॉडकॉमच्या पहिल्या टॉमहॉक चिपमध्ये एकूण बफरच १६ मेगाबाइटचा होता. म्हणजे जवळजवळ सगळा बफर क्वचित कधी भरणाऱ्या राखीव जागेत अडकेल, आणि रोजच्या गर्दीला उरणार दीड मेगाबाइट. एक नो-ड्रॉप प्रायॉरिटी पुरते, फार तर दोन. टीसीपीची वाहतूक त्यात कधीही घालू नका. टीसीपी गळती बघूनच वेग कमी करते, आणि गळतीच होऊ दिली नाही तर ती रांग भरतच राहते.

याच हिशेबाने १० किलोमीटरवर नुसत्या केबलचे १२ लाख ५० हजार बाइट होतात, तेही एका पोर्टच्या एका प्रायॉरिटीला. ऐरोली ते महापे अशा दोन इमारतींमध्ये लॉसलेस दुवा ओढायचा विचार असेल तर मोठ्या बफरचा स्विच लागेल. साध्या लीफ स्विचवर (रॅकमधले सर्व्हर जोडणाऱ्या स्विचवर) ते बसवू नका.

प्रश्न (सिंगापूर) : प्रायॉरिटी व्हीलॅन टॅगमधून घ्यावी की डीएससीपीवरून?

उत्तर : रॉकी व्ही-टूसाठी डीएससीपी. व्हीलॅन टॅग राउटरवर संपतो, आणि लीफ-स्पाइन रचनेत प्रत्येक पायरीवर राउटिंग असते. शिवाय टॅग हवा म्हणजे सर्व्हरचे पोर्ट ट्रंक करावे लागतात, आणि पीएक्सईवरून, म्हणजे नेटवर्कवरून, बूट होणाऱ्या सर्व्हरला टॅग कळत नाही. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०१६ च्या सिगकॉम परिषदेत त्यांच्या मोठ्या रॉकी नेटवर्कचा जो अनुभव मांडला, त्यात डीएससीपीकडे वळण्याची हीच दोन कारणे दिली होती. पॉज फ्रेममध्ये बदल करावा लागत नाही, कारण तिच्यात व्हीलॅन नसतोच, फक्त प्रायॉरिटीचा आकडा असतो.

प्रश्न (पवई, मुंबई) : एक जीपीयू सर्व्हर हँग झाला आणि त्यासोबत सगळा रॅक, मग शेजारचे दोन रॅकही मंदावले. तो सर्व्हर बंद केल्यावर सगळे सुरळीत झाले. एका सर्व्हरमुळे असे कसे होते, आणि पुढच्या वेळी लवकर कसे ओळखायचे?

उत्तर : याला पॉज स्टॉर्म म्हणतात, आणि पीएफसी वापरायचे तर हा धोका समजून घेतलाच पाहिजे.

पॉज फ्रेम जवळून बघा. पत्ता ०१-८०-सी२-००-००-०१, इथरटाइप ८८०८, ऑपकोड ०१०१. पुढे कोणत्या प्रायॉरिटी थांबवायच्या त्याचे बिट : प्रायॉरिटी ३ साठी ०००८. मग आठ प्रायॉरिटींचे आठ कालावधी, प्रत्येकी सोळा बिटांचे. प्रायॉरिटी ३ च्या जागी एफएफएफएफ, म्हणजे ६५,५३५ क्वांटा. १०० जीवर एक क्वांटा ५.१२ नॅनोसेकंदांचा, तेव्हा एका फ्रेमने रांग सुमारे ३३५ मायक्रोसेकंद थांबते. कालावधी शून्य असलेली फ्रेम म्हणजे ‘चालू दे’. हँग झालेल्या सर्व्हरचे कार्ड आपला बफर भरलेलाच पाहते आणि मुदत संपायच्या आत नवी पॉज फ्रेम पाठवत राहते. एका सेकंदात अशा तीन हजारांच्या आसपास फ्रेम आल्या की ती रांग कायमची बंद. मग त्या सर्व्हरकडे निघालेली पॅकेट लीफमध्ये अडकतात, लीफचा बफर भरतो, लीफ स्पाइनला पॉज देतो, स्पाइन इतर लीफना. ज्यांचा त्या सर्व्हरशी काही संबंध नाही तेही त्याच प्रायॉरिटीत असल्यामुळे थांबतात.

उगम शोधायला दिशा बघा. स्विचच्या प्रत्येक पोर्टवर ‘आलेले पॉज’ आणि ‘पाठवलेले पॉज’ असे वेगळे काउंटर असतात. ज्या पोर्टवर आलेले पॉज सर्वात वेगाने वाढतात त्या पोर्टच्या पलीकडे जा. तिथे स्विच असेल तर त्याच्यावर हेच पुन्हा करा. शेवटी एका पोर्टपलीकडे सर्व्हर लागेल, जो पॉज नुसता पाठवतो आहे आणि त्याला स्वतःला पॉज येत नाहीत. तो उगम. पाच पायऱ्यांचे नेटवर्क असले तरी चार-पाच आज्ञांत माणूस तिथे पोचतो, फक्त काउंटर आधीपासून कुठेतरी साठवलेले हवेत. दर १० ते ३० सेकंदांनी ते गोळा करून आलेख ठेवा. घटना घडून गेल्यावर एकूण आकड्यावरून वेळ कळत नाही.

सर्व्हर हँगच झाला पाहिजे असे नाही. तो नुसता संथ असला तरी हेच सौम्य रूपात होते, आणि ते शोधायला जास्त अवघड. एक नेहमीचे कारण : १०० जीचे कार्ड पीसीआयई तिसऱ्या पिढीच्या १६ लेनऐवजी ८ लेनवर जुळलेले असते. मग स्लॉटमधून जेमतेम ६३ गिगाबिट जातात आणि बाकीच्यासाठी कार्ड सतत पॉज मागते. ‘एलएसपीसीआय -व्हीव्हीव्ही’मध्ये ‘लिंकस्टेटस’च्या ओळीत रुंदी ‘एक्स१६’ आहे का बघा. कार्ड काढून पुन्हा नीट बसवल्यावर बऱ्याचदा दुरुस्त होते.

प्रतिबंध दोन बाजूंनी करा. स्विचवर पीएफसी वॉचडॉग : एखादी रांग ठरावीक काळ सलग थांबलेली दिसली की तो तिचे पॉज मानणे सोडतो आणि तिच्यातली पॅकेट टाकून देतो. सोनिकमध्ये ‘पीएफसीडब्ल्यूडी’ला शोधाचा आणि पूर्ववत होण्याचा काळ मिलिसेकंदांत देतात, २०० ते ४०० ठीक असतात. नेक्ससवर ‘प्रायॉरिटी-फ्लो-कंट्रोल वॉच-डॉग-इंटरव्हल ऑन’. हा काळ फार कमी करू नका. खऱ्या गर्दीत काही मिलिसेकंद थांबणे हे पीएफसीचे कामच आहे, आणि तेवढ्यावर वॉचडॉग भुंकला तर तुम्हीच गळती घडवाल. दुसरी बाजू कार्डाची : ‘इथटूल’च्या ट्यूनेबलमध्ये ‘पीएफसी-प्रिव्हेन्शन-टाउट’ आहे. एमएलएक्स५ ड्रायव्हरमध्ये तो मुळात ८ सेकंद असतो, ‘ऑटो’ केला की १०० मिलिसेकंद होतो. ८ सेकंद म्हणजे सगळा प्रशिक्षणाचा जॉब कोसळायला पुरेसा वेळ. ऑटो करा.

मायक्रोसॉफ्टच्या त्या २०१६ च्या मांडणीत आणखी एक सापळा सांगितला आहे, तो याच्याजवळचा. मृत सर्व्हरची मॅक नोंद (तो कोणत्या पोर्टवर आहे) स्विचमधून ५ मिनिटांत गेली, एआरपी नोंद (त्याच्या आयपीचा मॅक पत्ता कोणता) मात्र ४ तास राहिली. मधल्या काळात त्याच्यासाठी आलेली लॉसलेस पॅकेट स्विचने सगळ्या पोर्टांवर उधळली, ती वरच्या दिशेनेही गेली, आणि पॉजचे वर्तुळ पूर्ण होऊन स्विच एकमेकांची वाट बघत कायमचे अडकले. उपाय : मॅक नोंदीचा काळ एआरपीपेक्षा जास्त ठेवा, आणि मॅक माहीत नसलेल्या पत्त्याची लॉसलेस पॅकेट सरळ टाकून द्या.

प्रश्न (बंगळूर) : पीएफसी आहे तर ईसीएन कशाला? आणि त्याच्या मर्यादा किती ठेवायच्या?

उत्तर : पीएफसी मागच्या उपकरणाला थांबवते; गर्दी करणारा पाठवता सर्व्हर कोण, हे तिला कळत नाही. ईसीएनमध्ये स्विच पॅकेटवर खूण करतो, घेणारे कार्ड सीएनपी नावाचे छोटे पॅकेट उलट पाठवते, आणि नेमका तोच पाठवता प्रवाह वेग कमी करतो. रोजची गर्दी ईसीएनने आवरली पाहिजे. पीएफसी अचानक आलेल्या लाटेसाठी. पॉज दिवसभर धावत असतील तर ईसीएन उशिरा लागते आहे असे समजा.

मर्यादांची तुलना करताना एक गोष्ट विसरली जाते. पीएफसी येणाऱ्या पोर्टच्या बफरवर मोजते आणि ईसीएन जाणाऱ्या पोर्टच्या रांगेवर. आठ सर्व्हर एकाला पाठवत असतील तर बाहेरची रांग आठ पोर्टांच्या वाट्याची बेरीज असते, आणि ईसीएन सहज आधी लागते. एकास एक वाहतुकीत मात्र दोन्ही आकडे जवळ येतात, म्हणून तुलना त्या स्थितीची करा. सुरुवातीला सिस्कोच्या उदाहरणांत दिसणारे किमान १५० किलोबाइट, कमाल ३,००० किलोबाइट आणि खूण होण्याची शक्यता ७ टक्के घ्यायला हरकत नाही. मग ‘एनपी_सीएनपी_सेंट’ आणि पॉजचे काउंटर शेजारी ठेवून किमान मर्यादा खाली आणत जा. डीसीक्यूसीएन या रॉकीच्या गर्दी आवरण्याच्या पद्धतीच्या २०१५ च्या मूळ मांडणीत ४० जीसाठी ५ आणि २०० किलोबाइट आणि १ टक्का होते; दोन टोके केवढी दूर आहेत ते बघा. फार खाली गेलात तर पॉज नाहीसे होतात, पण दुवाही पूर्ण भरत नाही.

सीएनपीला डीएससीपी ४८ आणि प्रायॉरिटी ६ द्या, आणि ती रांग स्ट्रिक्ट प्रायॉरिटीत ठेवा. वेग कमी करा सांगणारा निरोपच गर्दीत अडकला तर सगळी यंत्रणा उशिरा जागी होते. आणि टीओएस १०६ ऐवजी १०४ देऊ नका. काही कार्डे ईसीएनचा बिट स्वतः लावतात, सगळी नाही. बिट नसलेले पॅकेट ईसीएनच्या रांगेत मर्यादेपलीकडे सापडले तर स्विच त्यावर खूण करू शकत नाही, ते टाकून देतो. नो-ड्रॉप रांगेत गळती होण्याचे हे एक आडवळणी कारण आहे.

प्रश्न (नाशिक) : विंडोज सर्व्हरचा छोटा क्लस्टर आहे, २५ जी, एसएमबी डायरेक्ट (विंडोजचे आरडीएमएवरून फाइल शेअरिंग). किमान काय करावे?

उत्तर : आधी कार्ड आयवॉर्पचे आहे की रॉकीचे ते बघा. आयवॉर्प टीसीपीवर चालते, त्याला पीएफसीची सक्ती नाही. रॉकी असेल तर पॉवरशेलमध्ये ‘न्यू-नेटक्यूओएसपॉलिसी’ने नेटडायरेक्ट पोर्ट ४४५ ला प्रायॉरिटी ३ द्या, ‘एनेबल-नेटक्यूओएसफ्लोकंट्रोल’ फक्त ३ साठी, आणि ‘डिसेबल’ बाकी सातांसाठी. ट्रॅफिक क्लासमध्ये एसएमबीला ५० टक्के ईटीएस (बँडविड्थचा वाटा), क्लस्टरच्या हार्टबीटला प्रायॉरिटी ७ आणि १ टक्का. १० जी असते तर २ टक्के. डीसीबीएक्सचे ‘विलिंग’ फॉल्स करा, म्हणजे स्विचने काही वेगळे सुचवले तरी सर्व्हर बदलणार नाही. ‘एनेबल-नेटअॅडाप्टरक्यूओएस’ प्रत्येक कार्डावर चालवायचे राहून जाते, ते विसरू नका. मग स्विचवर नेमके हेच आकडे.

प्रश्न (महापे, नवी मुंबई) : एकाच स्विचवर जुने एफसीओई (इथरनेटवरून फायबर चॅनल) स्टोरेज आहे आणि नवे रॉकी आणायचे आहे. दोन्ही ३ वर चालतील का?

उत्तर : नाही. एफसीओईचा प्रघातही कॉस ३, म्हणजे प्रायॉरिटी ३, चाच आहे, आणि दोघांना एका रांगेत घातले तर जीपीयूंच्या लाटेत डिस्क थांबतील. एमटीयूही वेगळे : सिस्कोच्या एफसीओई वर्गाचा २,१५८, रॉकीचा बहुतेक ठिकाणी ९,२१६. एफसीओईला ३ वरच राहू द्या. त्यात आयपी हेडर नसते, त्यामुळे डीएससीपीने ते ओळखता येत नाही आणि व्हीलॅन टॅगवरची प्रायॉरिटी हलवणे त्रासाचे आहे. रॉकी प्रायॉरिटी ४ वर न्या. स्विचवर दुसरा नो-ड्रॉप वर्ग तयार करा, पोर्टवरचा आकडा आता तीन आणि चारचे बिट मिळून सोळाच्या पायात १८ दिसेल. सर्व्हरवर पीएफसीची ओळ ०,०,०,०,१,०,०,० होईल. डीएससीपी ३२ घेतला तर टीओएस १३०. हेडरूम दोन वर्गांची लागेल, तेव्हा वर दिलेला हिशेब आधी कागदावर करून बघा आणि बसत असेल तरच देखभालीची वेळ मागा, कारण काही स्विचवर नेटवर्क-क्यूओएस पॉलिसी बदलताना पोर्टवरची वाहतूक क्षणभर तुटते आणि एफसीओईच्या डिस्कना ते सोसत नाही.